पुलापलीकडची राहिलेली फेरी

मशीनला मोटर बसली आणि मास्तरांच्या पायांची नोकरी गेली. हे त्यांचंच वाक्य, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते ऐकवायचे. चाळीस वर्षं पायमशीन चालवलं, रोज सहा-सात तास. पोटऱ्या अशा टणक की डास बसला तर त्याचीच सोंड वाकडी व्हावी. मग लेकीच्या मनात आलं, बाबांचं वय झालं, आता किती दिवस पाय हलवत बसणार? तिने प्रेमाने मोटर आणून बसवली. मास्तरांनी दोन दिवस कुरकुर केली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सुखाची चटक लागली. सहा महिन्यांत पोट सुटलं. रक्तातली साखर दहा-बारा वर्षं गोळ्यांवर गपगुमान बसलेली होती, ती उसळली, आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. आता हे लेकीला कोण सांगणार? मास्तरांनी काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये कापड बेतायचं मोठं टेबल, रस्त्याच्या बाजूला मास्तरांचं मशीन आणि खिडकीशी एक बुटकी खुर्ची. त्या खुर्चीत बायको बसायची. काजं, बटणं, हातशिलाई, सगळं तिच्याकडे. मास्तर चपला-बूट टेबलाखाली सारून अनवाणी पायांनी मशीन चालवायचे. ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. बोलायला तोंड उघडलं की दोन-चार खाली पडायच्या, आणि बोलल्याशिवाय तर त्यांना राहवायचं नाही. म्हणून दुकान बंद करायच्या आधी ती एक लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या फरशीवरून ओढत फिरायची. टाचण्या टकटक चिकटायच्या. ती मोजायची आणि म्हणायची, आज तुम्ही एकतीस टाचण्यांएवढं बोललात.

मोटर बसायच्या आदल्या वर्षी ती गेली. चुंबक खिळ्याला टांगलेला होता, तो तसाच राहिला. मास्तरांनी त्याला हात लावला नाही. झाडू मारायचे, तोही मनात आलं तर.

ती असताना दर रविवारी सकाळी दोघं तळ्यावर जायची. तळं मोठं. पूर्ण फेरी मारायची तर नऊ किलोमीटर. दोघं उजव्या हाताच्या पायवाटेने निघायची, कारण डावीकडचे पहिले दोन किलोमीटर मोठ्या रस्त्याला लागून, नुसता ट्रकांचा धूर. झाडांखालून तीन किलोमीटरवरच्या लाकडी पुलापर्यंत जायचं, कठड्याला टेकून पाच मिनिटं उभं राहायचं आणि माघारी फिरायचं, हा नेम. पुलावरून पाण्यापलीकडे एक लाल छप्पर दिसायचं आणि त्याच्याखाली लांबच लांब पांढरी भिंत. तिथे काय आहे यावरून त्यांची तीस वर्षं जुंपलेली होती. मास्तरांच्या मते गोदाम. तिचं म्हणणं, गोदाम असो नाही तर आणखी काही, पण ती भिंत हलते. मास्तर म्हणायचे, भिंत कुठे हलते का, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. एका रविवारी ती म्हणाली, आज भिंत आहेच कुठे? मास्तरांनी पाहिलं तर खरंच नव्हती. पण मागे हटतील तर ते मास्तर कसले. धुकं आहे, म्हणाले. ऊन लख्ख पडलेलं होतं.

"एकदा पूर्ण फेरी मारू या हो," ती म्हणायची. "बघून तरी येऊ काय आहे ते."

"पुढच्या रविवारी," मास्तर म्हणायचे.

दुपारी कोणाचा तरी कोट द्यायचा असायचा, कोणाची तरी पँट घट्ट झालेली असायची. पुढचा रविवार काही आला नाही. शेवटच्या दुखण्यात, पलंगावर पडल्या पडल्या, तिने एकदा विचारलं होतं, जाऊ ना आपण? मास्तर म्हणाले, तू बरी हो, पुढच्याच रविवारी जाऊ. ती हसली. ते हसू मास्तरांच्या डोळ्यांपुढून काही केल्या जात नव्हतं.

म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले की इन्सुलिनच्या जोडीला रोज चालायला हवं, तेव्हा मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. चालायचंच तर तळ्याची पूर्ण फेरी मारायची. तिची राहिली, आपण तरी करू. दुसरी कुठलीही इच्छा त्यांना उरलेली नव्हती, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

चालायचं कसं, किती, केव्हा, हे सांगायला डॉक्टरांना वेळ नव्हता आणि विचारायला मास्तरांना धीर नव्हता. पहिल्याच रविवारी ते सकाळी उठले, नेहमीसारखं मांडीत इन्सुलिन टोचलं, न्याहारी आल्यावर करू म्हणाले आणि निघाले. निघाले ते काय निघाले, आगगाडी चुकणार असल्यासारखे. पूल दिसायला लागला तेव्हा हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, समोरची झाडं डोळ्यांपुढे सरकू लागली. मास्तरांना वाटलं, तिची आठवण दाटून आली. खरं तर साखर पार खाली गेली होती. पण माणसाची ओढ आणि साखरेची उतरण, दोन्हींत अंगाचं होतं ते जवळपास सारखंच, त्यामुळे त्यांना कळलं नाही.

काठावर एक जण गळ टाकून बसला होता. त्याच्या भावाला हाच आजार होता, म्हणून मास्तर वाचले. त्याने त्यांना धरून खाली बसवलं, आपल्या थर्मासमधला गोड चहा पाजला, वर चार बिस्किटं चारली आणि पंधरा मिनिटं उठू दिलं नाही. तेवढ्या वेळात त्याचा मासा सुटला. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, हे मास्तर अजून सांगतात.

दवाखान्यात पाय तपासायला आणि व्यायाम शिकवायला एक सिस्टर होत्या. येणाऱ्या प्रत्येकाचे मोजे काढून उलटसुलट करून बघायच्या, म्हणून मास्तरांनी त्यांचं नाव ठेवलं मोजेवाली. मोजेवालीने मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं. तळव्याला बारीक दोरा लावते, जाणवला की सांगा, म्हणाल्या. मास्तर डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी विचारलं, कधी सुरू करणार?

"झालं की, मास्तर. दहा ठिकाणी लावला."

मास्तरांनी डोळे उघडून तळवा पाहिला. ज्या माणसाने आयुष्यभर डोळे झाकून नुसत्या बोटांनी कापड ओळखलं, त्याच्या पायाला दोरा कळेना. त्यांना रडू आलं असतं, पण सिस्टर लहान होत्या, लेकीच्या वयाच्या.

मग त्या बोलायला लागल्या आणि मास्तर पहिल्यांदाच कोणाचं तरी मुकाट्याने ऐकत बसले. निघण्याआधी साखर मोजायची. शंभराच्या खाली असली तर आधी काही खायचं, अडीचशेच्या वर गेली असली तर त्या दिवशी व्यायाम नाही. उपाशीपोटी निघायचं नाही. चालायच्या आधी मांडीत टोचायचं नाही, पाय चालू लागले की तिथलं औषध लवकर भिनतं. पोटावर टोचायचं, आणि चालायच्या दिवशी किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं. खिशात साखरेच्या गोळ्या. कुठे जातोय ते कोणाला तरी सांगून जायचं. चालून आल्यावरही साखर मोजायची, कारण ती कित्येक तासांनी गुपचूप उतरते. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. बुटात पाय घालण्याआधी हात घालून पाहायचं. मोजे पांढरे घालायचे, म्हणजे जखम झाली तर रक्त दिसेल, आणि शिवण बाहेर येईल असे उलटे घालायचे.

इथे मास्तरांनी तोंड उघडलंच. जन्मभर शिवण आत राहावी म्हणून राबलो, आणि आता मीच उलटं घालून हिंडू? सिस्टर हसल्या, पण उलटेच, म्हणाल्या.

"आणि वेग कसा ठेवायचा ते सांगते. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. बोलता येईना झालं की थांबायचं, बसायचं."

"मी एकटाच असतो, सिस्टर."

"मग कोणाशी तरी बोला," त्या कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या.

कोणाशी बोलायचं हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याशी बोलू लागले. अगदी मोठ्याने. हल्ली कानात यंत्र घालून बोलत जाणारे इतके असतात की कोणी वळूनही पाहिलं नाही. जेवणानंतर दहा मिनिटं, मग पंधरा, मग तळ्यावर अर्धा तास. कोणाचा कोट कुठे ओढतोय, लेक हल्ली किती दमते, तुझी खिडकीजवळची खुर्ची अजून हलवलेली नाही, असं सगळं तिला सांगायचं. दीड-दोन वर्षं साचलेलं होतं. कधी कधी बोलणं इतकं रंगायचं की उत्तराची वाट पाहत ते थांबायचे, आणि मग एकदम लक्षात यायचं. तेवढी एक जागा रोज यायची आणि रोज तशीच लागायची.

दोन महिन्यांत साखर वठणीवर आली. मशीन पायाने चालवणं हाही व्यायामच, असं सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मास्तरांनी मोटरचा पट्टा काढून ठेवला आणि लेकीला सांगितलं की मोटर फार आवाज करते. आता मशीन म्हटलं की पाय अनवाणी, ही चाळीस वर्षांची सवय. दुकानात कसलं आलंय चालणं, बसूनच तर असतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बूट गेले टेबलाखाली, जिथे वरून टाचण्या पडतात.

पुढचा रविवार फेरीचा, असं ठरलेलं होतं. त्याआधीच्या रविवारी ते पुलापर्यंत जाऊन आले. निघताना घाई झाली, बुटात हात घालायचा राहिला. जाताना तिच्याशी बोलले, पुलावर थांबून म्हणाले, गोदामच आहे ते, पुढच्या रविवारी सिद्ध करून दाखवतो. परत आले, बूट काढला, तर पांढरा मोजा अंगठ्याखाली लालभडक. बुटाच्या आतल्या तळात रुतून एक टाचणी उभी होती. सहा किलोमीटर ते तिच्यावर पाय देत चालले होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

सिस्टर रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी जखम धुतली, पायाला एक अवजड बूट चढवला आणि सांगितलं, चालणं बंद, मशीन बंद, जखम भरेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलं तर अंगठा ठेवता येणार नाही. मास्तरांनी विचारलं, अंगठा नसला तर नऊ किलोमीटर चालता येतं का? डॉक्टरांना वाटलं हे थट्टा करताहेत.

लेक दुकान झाडायला आली. मास्तर बुटक्या खुर्चीत पाय वर करून बसले होते, त्या खुर्चीत बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. लेकीने खिळ्यावरचा चुंबक काढला आणि आईसारखाच फरशीवरून ओढत नेला. टेबलाखालून तो बाहेर आला तेव्हा दिसेनासा झाला होता, इतक्या टाचण्या.

"आई रोज हे का करायची, बाबा?"

"टाचण्या वाया जाऊ नयेत म्हणून," मास्तर म्हणाले.

"तुम्ही अनवाणी बसता म्हणून," लेक म्हणाली. "मला म्हणायची, ह्यांचे पाय बघ, ह्यांना काही लागलं तरी कळत नाही."

मास्तर चुंबकाकडे बघत राहिले. साखर सापडली तेव्हापासूनचं तिला ठाऊक होतं तर. दोऱ्याने न तपासता ठाऊक होतं. आणि ते मात्र रोज एकतीस टाचण्यांएवढं बोलत राहिले, तिला एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी मास्तर लेकीसमोर रडले, आणि तिने मोटरचा पट्टा कुठे गेला ते विचारलं नाही.

अकरा आठवडे ते खुर्चीत होते. बसल्या बसल्या हातांचा व्यायाम करायला सिस्टरांनी रबराचा पट्टा देऊ केला. मास्तर म्हणाले, माझ्याकडे चड्ड्यांच्या इलॅस्टिकचा अख्खा गुंडा आहे. तो ताणून ताणून दंड भरले. पण खिडकीतून रस्त्यावरून चालणारी माणसं दिसली की जीव तुटायचा. काय साधी गोष्ट, एक पाऊल उचलायचं, पुढे ठेवायचं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांना ते लाल छप्पर आठवायचं. तिचा पुढचा रविवार आपण घालवला, आता आपलाही जाणार, या भीतीने ते अंगठ्याची पट्टी पुन्हा पुन्हा बघायचे.

अंगठा वाचला. नवी कातडी आली, गुलाबी, पातळ. मास्तरांनी फेरीचं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, एका दमात नऊ किलोमीटर नाही. या वर्षी तर नाहीच. मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी टेबलावरचा खडू उचलावा तसं सिस्टरांचं पेन उचललं आणि कागदावर तळं काढलं. कपडा कापडाच्या एका रुंदीत, एका पन्ह्यात, बसत नसला तर जोड द्यायचा, हे काय त्यांना कोणी शिकवायला हवं होतं? पुलापर्यंतचा एक तुकडा. मोठ्या रस्त्याचा दुसरा. रस्त्याच्या टोकापासून पुलापर्यंतचा चार किलोमीटरचा तिसरा, लाल छपराचा. हळूहळू वाढवत, एकेक तुकडा एकेका महिन्यात. चुंबकाचं सिस्टरांना लेकीकडून कळलेलं होतं. कागद पाहून त्या म्हणाल्या, चालेल, पण चुंबक बुटात फिरवल्याशिवाय नाही.

पहिला तुकडा झाला. दुसऱ्या तुकड्यात मास्तरांनी धूर खात तिला सांगितलं, इथे तू एक मिनिट थांबली नसतीस. तिसऱ्या महिन्यातल्या त्या रविवारी त्यांनी न्याहारी केली, डॉक्टरांनी कमी करून दिलेलं इन्सुलिन पोटावर टोचलं, तासाभराने साखर मोजली, एकशे अडतीस. दोन्ही बुटांत आधी चुंबक फिरवला, मग हात. मोजे उलटे, पांढरे. एका खिशात गोळ्या, दुसऱ्यात मोजायचं यंत्र. लेकीला सांगितलं, दहा वाजता स्कूटर घेऊन पुलावर ये. आणि मोठा रस्ता संपेपर्यंत बसने गेले.

तिथून पुढचं काहीच ओळखीचं नव्हतं. मास्तर बोलत निघाले. इथे एक मोडका बाक आहे बघ. इथे पाणी उथळ आहे, बदकं आहेत, सात, नाही, आठ. श्वास ठीक होता, पाय ठीक होते. मध्ये एकदा थांबून बूट काढून मोजा पाहिला, पांढरा स्वच्छ. मग वळण आलं आणि छप्पर समोर आलं. पत्र्याचं, गंजून लाल झालेलं. आणि त्याच्यापुढे पाण्याच्या काठाकाठाने खांबांना बांधलेल्या लांब दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. शेकडो चादरी. वाऱ्याने त्या एकदम फुगल्या आणि परत खाली बसल्या.

एक बाई चिमटे काढत होती. मास्तरांनी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, धुलाईघर, इस्पितळाच्या चादरी धुतो. किती वर्षं? माझ्या सासूच्या वेळेपासून, ती म्हणाली, तेव्हापासून या दोऱ्या इथेच आहेत. रोज वाळत घालता? घालतो, एखाद्या दिवशी कपडे आले नाहीत तर दोऱ्या रिकाम्या. मास्तरांनी मान डोलावली. चादरीची कड बोटांत धरून पाहिली. जाड सूत, दुहेरी शिवण, चांगलं काम. मग पुढे निघाले.

पूल आला. ते कठड्याला टेकून उभे राहिले, नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला तिच्यापुरती जागा सोडून. पाण्यापलीकडे लाल छप्पर दिसत होतं, त्याच्याखाली पांढरी भिंत, आणि भिंत हलत होती. लहान पोराला दिसावी इतकी स्पष्ट हलत होती. तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. तीस वर्षांत त्यांनी हे तिला एकदाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. हात थरथरू लागले. मास्तरांनी घाबरून यंत्र काढलं, बोट टोचलं, साखर पाहिली. एकशे चोवीस.

साखर बरोबर होती. पण बोलता येत नव्हतं, आणि बोलता येईना झालं की थांबायचं, बसायचं, असं सांगितलेलं होतं. मास्तर पुलाच्या पायरीवर बसले.

लेक आली तेव्हा ते तसेच बसलेले होते. तिने स्कूटर तशीच टाकली आणि धावत येऊन विचारलं, साखर उतरली का? मास्तरांनी यंत्र तिच्यापुढे धरलं. तिने आकडा पाहिला, त्यांच्या कपाळाला हात लावला, बूट पाहिले. मग विचारलं, मग झालंय काय?

"ती भिंत हलते," मास्तर कसेबसे म्हणाले. "तुझी आई म्हणायची. तिला सांगायचं राहिलं."

लेकीने पाण्यापलीकडे पाहिलं. मग ती पायरीवर बसली, त्यांच्या डाव्या बाजूला, आणि दोघं भिंत हलताना बघत राहिली.